पंच्याहत्तरचा कायदा

लेकीच्या घरी फोन वाजला की घरातली सगळी माणसं त्याच्याकडे बघतात आणि कुणीच उचलत नाही. पहिल्या आठवड्यात मला हे फार अशुभ वाटलं. आमच्या सांगलीच्या घरी फोन वाजला की हे आंघोळ अर्धी टाकून ओल्या पायांनी धावतात, मग पलीकडून कुणी कर्ज देऊ करो की प्लॉट. इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये जावईबापू पडद्यावरचा नंबर वाचतात, "स्कॅम" म्हणतात आणि पुढचा घास घेतात.

"अहो, पण एखाद्याचं खरंच काम असलं तर?"

"आई, खरं काम असलेला माणूस आधी मेसेज करतो."

यंत्रानं लावलेल्या या फोनांना इथे रोबोकॉल म्हणतात, आणि त्यांनी अख्ख्या अमेरिकेला सारखंच पिडलंय. त्यातून एक नवल घडलं. २०१९ साली हे फोन रोखण्याचा कायदा आला, तेव्हा सिनेटमध्ये त्याच्या बाजूनं ९७ मतं पडली आणि विरोधात १. प्रतिनिधिगृहात ४१७ आणि ३. एरवी या सभागृहांपुढे "आज मंगळवार आहे" असा ठराव आणला तरी निम्मी बाकं बुधवार म्हणतील.

पण खरी गंमत पुढेच आहे. लोकांचं मत काय, हे विचारणारेही फोनच करायचे. प्यू नावाची एक मोठी संशोधन संस्था आहे. १९९७ साली तिच्या लोकांनी शंभर जणांना गाठायचं ठरवलं तर ३६ जण बोलत. २०१८ पर्यंत हा आकडा ६ वर आला. उरलेली ९४ घरं आमच्या जावयांसारखी, घास घेणारी. म्हणजे "तुमचं मत काय?" या प्रश्नाला अमेरिकन जनतेनं पक्षभेद विसरून दिलेलं सर्वांत ठाम उत्तर "फोन करू नका" हेच. शेवटी प्यूच्या बिचाऱ्या लोकांनी घरोघरी टपालानं पत्रं पाठवून माणसं गोळा केली आणि आता त्यांनाच इंटरनेटवर प्रश्न विचारतात.

एकदा घरात कुणी नसताना मी फोन उचलला. सवय जात नाही. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. म्हणाली, सरकारी धोरणांबद्दल मतं विचारतेय, दहा मिनिटं आहेत का? माझ्याकडे सहा महिने होते. मी खुर्ची ओढून बसले. वय अठराच्या वर आहे का? आहे, आणि चांगलंच आहे. मतदार यादीत नाव आहे का? आहे म्हटलं, सांगलीत. तिनं फार गोड शब्दांत आभार मानले आणि फोन ठेवला. सदतीस वर्षं वर्गात गणित शिकवताना मीच प्रश्न विचारत आले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मत विचारायला आलं होतं, आणि मी तोंड उघडायच्या आत ते उठूनही गेलं.

तेव्हाच मी ठरवलं, आपला सर्व्हे आपणच करायचा.

जावयांना सांगितलं तर ते हसले आणि रविवारी मला प्रिन्स्टनला घेऊन गेले. लोक तिथे आइन्स्टाइनचं घर बघायला जातात, मीही बघितलं. पण याच गावातून जॉर्ज गॅलपनं १९३५ पासून अमेरिकेची नाडी बघायचा धंदा सुरू केला होता. हा मूळचा आयोवा राज्यातला, शेतीवाडीच्या मुलखातला. मला तो आवडला तो त्याच्या सासूमुळे. ओला बॅबकॉक मिलर तिचं नाव. १९३२ साली ती डेमोक्रॅटिक पक्षातर्फे आयोवात राज्यपातळीच्या पदाला उभी राहिली. राज्य रिपब्लिकनांचं, ती निवडून येईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. जावयानं सासूसाठी मतांचा अंदाज घेतला, आणि सासू निवडून आली. आयोवाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदावर निवडून आलेली ती पहिली बाई. जगातल्या एवढ्या मोठ्या धंद्याची सुरुवात जावयानं केलेल्या सासूच्या सेवेतून झाली, हे मी परतीच्या वाटेवर गाडीत दोनदा बोलून दाखवलं. जावईबापूंनी दोन्ही वेळा आरशात बघून लेन बदलली.

थोड्या माणसांना विचारून सगळ्यांचं कसं कळतं, असं कुणी विचारलं की गॅलप सुपाचा दाखला देई म्हणतात. सूप नीट ढवळलं असेल तर चव बघायला एक चमचा पुरतो. त्याला मराठी येत असतं तर त्यानं शितावरून भात म्हटलं असतं. पण "नीट ढवळलेलं" ही अट आपल्या म्हणीत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. १९३६ साली लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं एक कोटी लोकांना पत्रं धाडली, तेवीस लाखांहून जास्त उत्तरं आली, आणि त्यांनी जाहीर केलं की रूझवेल्ट पडणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्रांचे पत्ते घेतले होते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारवाल्यांच्या यादीतून, तेही मंदीच्या दिवसांत! त्यातही ज्यांना राग आला होता त्यांनीच हौसेनं उत्तरं पाठवली. मिसळीच्या पातेल्यात वरवर पळी घातली तर नुसता कट हाती लागतो, मटकी तळाशीच राहते. गॅलपनं त्यापेक्षा फार थोड्या लोकांना विचारून बरोबर सांगितलं. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

माझ्या सर्व्हेचं पातेलं समोरच्या लगतच्या दोन घरांचं. डाव्या हाताला कुत्र्यावाल्या बाई, उजव्या हाताला टोपीवाले आजोबा. निवडणूक नोव्हेंबरात होऊन गेली तरी दोघांच्या हिरवळीत खोचलेल्या पाट्या अजून निघालेल्या नाहीत. बाईंची निळी, आजोबांची लाल. मला पहिल्यांदा आजोबा कम्युनिस्ट वाटले. लाल म्हटल्यावर आपल्याला बावटा आठवतो. इथे लाल म्हणजे रिपब्लिकन, हे कळायच्या आत मी त्यांना तसं बोलून बसले नाही ही गणपतीचीच कृपा. दोघं समोरासमोर आले की "हाय" म्हणतात, ते असं की जणू आणखी एक अक्षर बोललं तर दंड बसेल. माझ्याशी मात्र दोघंही भरभरून बोलतात. माझं इंग्रजी त्यांना नीट कळत नसल्यामुळे माझ्याशी वाद घालता येत नाही, हे कारण असावं.

माझा पहिला प्रश्न घड्याळाचा होता, कारण तो ताजा होता. मार्चातल्या दुसऱ्या रविवारी इथे पहाटे दोन वाजले की तीन वाजतात. नोव्हेंबरात तो तास परत मिळतो. हवाई आणि बहुतेक ॲरिझोना सोडलं तर सगळा देश वर्षातून दोनदा हा खेळ करतो. मोबाइल आपणहून शहाणे होतात. ओव्हन, मोटार, भिंतीवरचं आणि मी देवघरात ठेवलेलं, ही घड्याळं मागे राहतात. सांगली आधी साडेदहा तास पुढे होती, ती एका रात्रीत साडेनऊ तासांवर आली. मी नेहमीसारखा रात्री नऊला फोन लावला तर हे करवादले, "अगं, साडेसहा वाजलेत! चहा व्हायचाय अजून." लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण आमच्यात एक तासाचं अंतर अमेरिकेच्या संसदेनं पाडलं.

बाईंना विचारलं, घड्याळ बदलायला आवडतं का? त्या म्हणाल्या, छळ आहे नुसता. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, सरकारी मूर्खपणा. मी वहीत लिहिलं, एकमत. २०२१ साली झालेल्या एका देशव्यापी चाचणीतही असंच दिसलं होतं, घड्याळं बदलत राहा म्हणणारे जेमतेम चारात एक. मग मी उपप्रश्न विचारला, गणिताच्या बाईंची खोड. कायमची ठेवायची तर कोणती वेळ ठेवायची? आजोबा म्हणाले, उन्हाळ्याची. संध्याकाळी उजेड हवा, हिरवळ कापता येते. बाई म्हणाल्या, छे, हिवाळ्याची. सकाळी सहाला कुत्र्याला फिरवायचं असतं, अंधारात पाय मुरगळतो. त्या चाचणीतही ४३ टक्क्यांनी हिवाळी वेळ मागितली होती आणि ३२ टक्क्यांनी उन्हाळी. दुखतंय कुठे याबद्दल सगळ्यांचं जमतं, औषधाचं नाव निघालं की फाटतं. आणि हे भांडण पक्षाचंही नव्हे, कुत्र्याचं आहे.

तरीही २०२२ च्या १५ मार्चला सिनेटनं कायमची उन्हाळी वेळ एकमतानं मंजूर केली. फ्लोरिडाच्या रिपब्लिकन रुबिओंचं विधेयक, मॅसॅच्युसेट्सच्या डेमोक्रॅट मार्कींचा पाठिंबा, कुणाची हरकत नाही, पास. काही सिनेटरांना आपण एकमत दिल्याचं नंतर कळलं. ते विधेयक प्रतिनिधिगृहात गेलं आणि तिथे वर्षअखेरपर्यंत कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही. एकमताला कुणी वाली नसतो. भांडण असलं की दोन्ही बाजूंचे लोक त्याला जपतात, दाणापाणी घालतात.

अमेरिकेनं हे औषध एकदा घेऊनही बघितलंय, याचं मला जास्त अप्रूप वाटलं. अरबांनी तेल बंद केलं तेव्हा अध्यक्ष निक्सननं १९७३ च्या डिसेंबरात सही करून जानेवारी १९७४ पासून भर हिवाळ्यातही उन्हाळी वेळ लागू केली. त्या डिसेंबरात ७९ टक्के लोकांना कल्पना पसंत होती. फेब्रुवारीत ४२. मधे काय झालं? मुलं काळोखात शाळेला निघाली. हातात बॅटऱ्या, रस्त्यावर मोटारी, आणि काही ठिकाणी अपघात. ऑक्टोबरात नवे अध्यक्ष फोर्ड यांनी सही करून तो प्रयोग गुंडाळला. ७९ टक्के लोकांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त जानेवारीतली सकाळ बघितली नव्हती.

दुसरा प्रश्न पोस्टमनचा. तो विचारायची गरजच नव्हती. बाई नाताळात त्याला भेटकार्ड देतात (वीस डॉलरपर्यंतची वस्तू घ्यायची त्याला मुभा आहे), आजोबा उन्हाळ्यात टपालपेटीत गार पाण्याची बाटली ठेवतात. २०२० साली प्यूनं विचारलं तेव्हा टपालखात्याबद्दल ९१ टक्के लोक चांगलं बोलले, दोन्ही पक्षांचे. एखाद्या देशात ९१ टक्के लोकांना एखादं सरकारी खातं आवडतं, हे मी यांना फोनवर सांगितलं तर यांनी मला पुन्हा आकडा विचारला.

तिसरा प्रश्न मी स्वार्थानं विचारला. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी मला त्रिकोणमिती येत नव्हती असं नाही. इथे ऐंशी ओलांडलेली मंडळी सभागृहात बसलेली असतात. २०२३ च्या प्यूच्या पाहणीत ८७ टक्के लोकांनी सांगितलं, संसद सदस्यांना मुदत घालून द्या, ठरावीक वेळाच निवडून या आणि घरी जा. रिपब्लिकन ९० टक्के, डेमोक्रॅट ८६. निवडून आलेल्यांना वयाची मर्यादा असावी म्हणणारे ७९ टक्के. आणि हेच लोक बहुतेक निवडणुकांत जुन्या प्रतिनिधींपैकी दहातल्या नऊहून जास्त जणांना परत पाठवतात! आजोबांना विचारलं तर म्हणाले, सगळे घालवले पाहिजेत, आमचा मात्र बरा आहे. बाईंचाही बरा आहे. दोघं एकाच मतदारसंघात राहतात, पण ते मी काढलं नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगून ठेवलंय की राज्यांना परस्पर अशी मुदत घालता येणार नाही, त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती हवी. ती सुचवायची कुणी? तर बहुतेक करून संसदेनंच, दोन-तृतीयांश मतांनी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची सभा इथे मांजरांनीच बोलवायची आहे.

मेरिलंड विद्यापीठातली काही मंडळी तर असं एकमत शोधायचंच काम करतात. लोकांना आधी विषय समजावून सांगायचा, दोन्ही बाजूंचे मुद्दे ऐकवायचे, मग विचारायचं. २०२० पर्यंत त्यांना असे जवळजवळ दीडशे प्रश्न सापडले होते, ज्यांवर दोन्ही पक्षांच्या बहुसंख्य लोकांचं एकच म्हणणं आहे. दीडशे! आमच्या स्टाफरूममध्ये पंख्याच्या वेगावर एकमत व्हायचं नाही.

मग हे सगळं एकमत जातं कुठे? दोन अभ्यासक, गिलेन्स आणि पेज, यांनी २०१४ साली १,७७९ धोरणांचा हिशेब मांडला. सामान्य माणसाला काय हवं, याचा धोरणावर स्वतंत्र असा परिणाम जवळजवळ शून्य. त्यांच्या गणितावर पुढे बरीच वादावादी झाली, ती असो. मला त्या हिशेबापेक्षा एकच मतदान जास्त कळलं. २०१२ च्या डिसेंबरात कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावच्या सँडी हुक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गोळ्यांना बळी पडली. वीस मुलं म्हणजे आमच्या एका वर्गातल्या बाकांच्या दोन रांगाच्या रांगा. त्यानंतर बंदूक विकताना घेणाऱ्याची आधी चौकशी करावी, याच्या बाजूनं कित्येक चाचण्यांत दहातले नऊ लोक होते. बंदुका बाळगणारेही त्यात होते. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, मँचिन आणि टूमी, यांनी मिळून तशी दुरुस्ती आणली. १७ एप्रिल २०१३ ला मतदान झालं, बाजूनं ५४, विरोधात ४६. दुरुस्ती पडली, कारण पुढे जायला ६० लागत होते. मी चोपन्न मार्कांना मुलं पास केली आहेत.

हा प्रश्न मी शेजारी विचारला नाही. आजोबांचा नातू शाळेत जातो, बाईंची सून शाळेत शिकवते. दोघांनी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत होतं.

औषधाच्या किमतीचं मात्र विचारलं, कारण आजोबांना इन्सुलिन लागतं. ते खुशीत होते. महिन्याला पस्तीस डॉलर, त्यावर एक सेंट नाही. मी म्हटलं, छान कायदा झाला. "तो आमच्यानं सुरू केला," आजोबा म्हणाले. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तो आमच्यानं केला." मी जावयांना विचारलं, कोण खरं? दोघंही, म्हणाले. ट्रम्पच्या काळात काही विम्यांपुरती पस्तीस डॉलरची योजना आली, ती २०२१ पासून चालू झाली. बायडननी २०२२ च्या कायद्यात ती वृद्धांच्या सरकारी विम्यात सगळ्यांना लागू केली. त्याच कायद्यानं सरकारला औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायची मुभा दिली. ही घासाघीस हवी असं म्हणणारे दोन्ही पक्षांत भरपूर. सभागृहात मात्र त्या कायद्याला एकाही रिपब्लिकनाचं मत पडलं नाही. सिनेटमध्ये पन्नास-पन्नास झाले आणि उपाध्यक्ष हॅरिस यांचं मत निर्णायक ठरलं. भाजी बाजारात घासाघीस न करणारी बाई मी अजून बघितलेली नाही, पण तिच्या बाजूनं एकावन्नावं मत मिळवायला एवढी यातायात.

इथवर येऊन माझ्या वहीत चारही प्रश्नांपुढे एकमत लिहिलं होतं, आणि दोन घरांच्या मधल्या कुंपणाला नवीन रंग लागत होता. निम्म्याच बाजूला.

जावई म्हणाले, "आई, तुम्ही गोष्ट विचारताय. लोक आधी नाव विचारतात." आणि मग त्यांनी मला तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या जेफ्री कोहेन यांचा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना गरिबांच्या मदतीच्या योजना वाचायला दिल्या, एक सढळ हाताची, एक चिकट. योजना तुमच्या पक्षानं उचलून धरली आहे असं सांगितलं की डेमोक्रॅट मुलांना चिकट योजनाही पटायची आणि रिपब्लिकन मुलांना सढळही. वर विचारलं तर मुलं सांगत, छे, आम्ही योजनेचा मजकूर वाचून ठरवलं. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिलेला मुलगा जितक्या निरागस डोळ्यांनी माझ्याकडे बघायचा, तितक्याच निरागसपणे सांगत असणार.

पुढे पुढे तर मजकुराचीही गरज उरत नाही. २०१५ च्या डिसेंबरात एका चाचणीवाल्या कंपनीनं मतदारांना विचारलं, अग्रबावर बॉम्ब टाकावेत का? रिपब्लिकनांतले ३० टक्के म्हणाले, टाका. डेमोक्रॅटांतले १९ टक्केही टाका म्हणाले, ३६ टक्क्यांनी तर ठाम विरोध केला. मी हे वाचत असताना सात वर्षांचा नातू शेजारी रंगवत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "आजी, ते अल्लाद्दीनचं गाव आहे." सिनेमातलं. नकाशात कुठेच नाही. मला त्या ३६ टक्क्यांचं जास्त कौतुक वाटलं, नसलेल्या गावावर माया करणारी माणसं ती.

गंमत सोडली तर एक गोष्ट मनाला लागते. १९६० साली अमेरिकन लोकांना विचारलं होतं, मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षात लग्न केलं तर वाईट वाटेल का? शंभरात चार-पाच जण हो म्हणाले. २०१० मध्ये रिपब्लिकनांतले जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक-तृतीयांश हो म्हणाले. आपल्याकडे जात, गोत्र, नाडी, मंगळ एवढं बघताना पक्ष बघायचं सुचलं नव्हतं, ते इथे सुचलं. २०१९ च्या आणखी एका अभ्यासात लोकांना विचारलं, समोरच्या पक्षात टोकाची मतं असलेले किती असतील? उत्तर सरासरी ५५ टक्के. प्रत्यक्षात निघाले ३० च्या आसपास. म्हणजे कुंपणापलीकडे दोन माणसं तावातावानं बोलत असतील तर अलीकडच्याला चार ऐकू येतात.

आता पंच्याहत्तरच्या कायद्याबद्दल. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सिनसिनाटी विद्यापीठातल्या जॉर्ज बिशप वगैरे मंडळींनी लोकांना विचारलं, १९७५ चा सार्वजनिक व्यवहार कायदा रद्द करावा असं काही जण म्हणतात, तुमचं मत काय? साधारण एक-तृतीयांश लोकांनी मत दिलं. असा कायदाच नव्हता. कधीच नव्हता. १९९५ साली वॉशिंग्टन पोस्टनं या नसलेल्या कायद्याची विसावी वर्षपूर्ती साजरी केली आणि तोच प्रश्न विचारला. ४३ टक्क्यांनी मत दिलं. मग त्यांनी काहींना सांगितलं की क्लिंटन तो रद्द करायच्या मागे आहेत, काहींना सांगितलं रिपब्लिकन मागे आहेत. झालं. ज्याचं त्याचं मत आपापल्या खांबाला जाऊन बांधलं गेलं.

हे ऐकून मला राहवेना. पण शेजाऱ्यांना फसवणं बरं दिसत नाही, त्यांनी माझ्या सर्व्हेला इतक्या सरळपणानं उत्तरं दिली होती. नवऱ्याला चालतं. रात्री नऊला सांगलीला फोन लावला. मागे गॅसवर आधण ठेवल्याचा आवाज येत होता.

"अहो, तो १९७५ चा सार्वजनिक व्यवहार कायदा रद्द करावा असं म्हणतायत. तुम्हाला काय वाटतं?"

यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "पंच्याहत्तरचा? म्हणजे आणीबाणीतला. तो तेव्हाच रद्द करायला पाहिजे होता. चव्वेचाळीस वेळा सांगितलं असेल मी कचेरीत."

"अहो, अमेरिकेतला."

पलीकडे थोडी शांतता. दूध ओतल्याचा आवाज आला. मग साखरेचा डबा उघडल्याचा.

"हां," हे म्हणाले, "मग असू दे की."